गोळी चालू करण्याआधी स्कॅनचं विचारा

थायरॉइडवरच्या लेखात, रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) कमी आणि टी3 टी4 (थायरॉइडची स्वतःची हार्मोन्स) वाढलेले दिसले की कार्बिमाझोल, म्हणजे नवीन हार्मोन बनणं रोखणारी गोळी, चालू एवढंच दिलंय, पण वाढलंय कशामुळे हे बघायला नको का? देवगडच्या आमच्या वहिनीला छातीत धडधड, हात थरथरायचे, वजन भराभर उतरलं, घरातले सगळे गोळी दे म्हणून मागे लागलेले पण कोल्हापूरच्या डॉक्टरांनी आधी टेक्नेशियम स्कॅन करायला लावला. शिरेत टेक्नेशियम या रेडिओअ‍ॅक्टिव्ह द्रव्याचं इंजेक्शन, मग वीसेक मिनिटांनी कॅमेऱ्याखाली गळ्याचा फोटो, बस्स. ग्रेव्हज म्हणजे अख्खी थायरॉइड ग्रंथी जास्त काम करते तो आजार असेल तर सगळी ग्रंथी गडद दिसते, एकच गाठ जास्त काम करत असेल तर तेवढीच उठून दिसते, आणि थायरॉइडायटिस म्हणजे ग्रंथीला सूज असेल तर जवळजवळ काहीच उमटत नाही कारण नवीन हार्मोन बनतच नसतं, साठलेलं गळत असतं. वहिनीचं हेच निघालं, मग कार्बिमाझोलचा उपयोग काय! धडधडीला प्रोप्रानोलोल दिली, बाकी हळूहळू आपोआप उतरलं.

रेडिओअ‍ॅक्टिव्ह म्हटलं की आपल्याकडे लोक घाबरतात, पण टेक्नेशियम दर 6 तासांनी निम्मं होतं. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर मात्र आधीच सांगा, नुकताच कॉन्ट्रास्टवाला सीटी झाला असेल तरी सांगा, त्यातल्या आयोडीनमुळे स्कॅन फसतो. आणि कृपा करून बांगडा सुरमईला दोष देऊ नका हो, ग्रेव्हज आपल्याच शरीरातल्या अँटिबॉडीमुळे होतो.