गोळीवरचे ते दात बहुतेक डुकराचे आहेत

सध्या एक फोटो फिरतोय, तळहातावर शिशाची जुनी गोळी, तिच्यावर दातांचे खोल वण, आणि खाली लिहिलंय की अमेरिकन सिव्हिल वॉरमध्ये, म्हणजे उत्तर विरुद्ध दक्षिण यादवी युद्धात, भूल नव्हती, पाय कापताना सैनिकाच्या दातात गोळी द्यायचे, त्याचेच हे वण. वाचून पोटात कालवतं हे खरं, पण यातलं जवळपास काहीच टिकत नाही.

भूल नव्हती हे तर साफ खोटं. 1846 ला बोस्टनमध्ये ईथरने भूल देऊन झाली होती, 1847 ला एडिंबरात क्लोरोफॉर्मने, आणि युद्ध सुरू झालं 1861 ला. एकट्या उत्तरेच्या सैन्याच्या वैद्यकीय इतिहासात भूल देऊन केलेल्या ऑपरेशनांचा आकडा किमान 80,000 दिलाय. दक्षिणेकडे नाकेबंदीमुळे औषधांची टंचाई होती, मान्य, तरी मे 1863 मध्ये दक्षिणेचा सेनापती स्टोनवॉल जॅक्सनचा डावा हात कापला तो क्लोरोफॉर्म देऊनच, आणि तिथल्याच डॉक्टर चिझमनी क्लोरोफॉर्म कमी लागावं म्हणून अडीच इंची छोटं इनहेलर बनवलं होतं. मग किंकाळ्यांच्या गोष्टी कुठून आल्या? भूल चढताना पेशंट आधी बडबडतो, हातपाय झाडतो, आणि उजेडासाठी ऑपरेशनं बरेचदा उघड्यावर चालायची, लांबून बघणाऱ्याला वाटणारच की जिवंत कापतायत.

आता गोळीच बघा ना. मिनिए गोळी, म्हणजे त्या युद्धातल्या रायफलींची नेहमीची शिशाची गोळी, साधारण साडेचौदा मिमी जाड, वजन 32 ग्रॅमच्या आसपास, बुडाशी पोकळ, बाजूला तीन खाचा. उताण्या झोपलेल्या माणसाच्या तोंडात असला सुटा गोळा कुठला सर्जन ठेवेल, घशात गेला तर?

"हॉस्पिटलच्या जागेजवळ सापडली" हा पुरावा म्हणून सांगतात, पण त्या जागा म्हणजे शेतं आणि फार्महाऊस, तिथे डुकरं आधीही होती नंतरही, ती जमीन उकरून सापडेल ते चावतात आणि शिसं मऊ. डुकराने चावलेली गोळी भिंगाखाली धरलीत तर सगळ्या बाजूंनी चेचलेली दिसते, खोल खड्डे, आडवेतिडवे, कधी आकारच ओळखू येत नाही. बारीक, एकमेकांना समांतर ओरखडे असतील तर उंदीर नाहीतर खार. टोकाला गोल भोक किंवा आट्यांचा वण असेल तर तो दात नाहीच, अडकलेली गोळी बंदुकीच्या नळीतून काढायला गजाला स्क्रू लावायचे त्याचा तो. काही गोळ्या माणसांनी चघळल्याही असतील, पण ते वण उथळ असतात आणि त्यावरून ऑपरेशन सिद्ध होत नाही.

"सैनिक दातांनी काडतूस फोडायचेच की" असंही कुणीतरी म्हणतं. फोडायचे, पण कागदाचं टोक, शिसं नाही. आपल्याकडे 1857 ला ज्या काडतुसांवरून भडका उडाला ती सिव्हिल वॉरमध्येही वापरलेल्या एन्फिल्ड रायफलीची, 1853 च्या मॉडेलची.

विकणारे मात्र असल्या गोळीवर "वेदनेची गोळी" अशी चिठ्ठी लावून जादा पैसे घेतात. घ्यायचीच असेल तर आधी वण कुठल्या दिशेला आणि किती खोल ते बघा, चिठ्ठी नंतर वाचा.