कॅलिफोर्निया म्हणजे कपिलारण्य? काका, थांबा जरा

परवा घरच्या ग्रुपवर तो मजकूर पुन्हा येऊन पडला. मजकूर थोडक्यात असा: कॅलिफोर्नियाचं मूळ नाव ‘कपिलारण्य’. सगर राजाचे साठ हजार पुत्र कपिल मुनींच्या कोपाने भस्म झाले ते तिथेच. म्हणून जवळ ‘ॲश आयलंड’ म्हणजे राखेचं बेट आहे आणि ‘हॉर्स आयलंड’ म्हणजे यज्ञाच्या घोड्याचं बेट. अमेरिका आपल्या बरोब्बर पायाखाली, म्हणून तेच पाताळ. नावाचा अपभ्रंश केला इंग्रजांनी. खाली नमस्कारांची रांग. पाठवणारे काका घरचेच, त्यामुळे इतके दिवस गप्प होतो.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, तो पटकन निकालात निघतो. या नावात इंग्रजांचा हात नाही, ते स्पॅनिशांनी दिलं. १५४२ साली स्पेनसाठी सफरीवर निघालेला दर्यावर्दी काब्रियो मेक्सिकोहून जहाजं घेऊन उत्तरेकडे निघाला, त्या सफरीच्या रोजनाम्यात ‘कॅलिफोर्निया’ आहे. ईस्ट इंडिया कंपनी निघायला तेव्हा ५८ वर्षं अवकाश होता.

त्याच्याही आधी हे नाव छापून आलं होतं, आणि तेही एका कादंबरीत! गार्सी रॉद्रिगेस दे मोंताल्वो याची ‘लास सेर्गास दे एस्प्लांदियान’ ही शूरवीरांच्या पराक्रमांची कथा. तिची १५१० ची सेव्हिलमधली आवृत्ती प्रसिद्ध आहे. तिच्यात इंडीजच्या, म्हणजे पूर्वेकडच्या देशांच्या, उजव्या हाताला, पृथ्वीवरच्या स्वर्गाला अगदी लागून, कॅलिफोर्निया नावाचं बेट आहे. बेटावर नुसत्या काळ्या लढवय्या बायका, पुरुष औषधालाही नाही. धातू एकच, सोनं, शस्त्रंसुद्धा सोन्याची. अर्धा गरुड, अर्धा सिंह अशी जनावरं पाळलेली, आणि चुकून आलेला पुरुष त्यांच्या तोंडी. राणीचं नाव कालाफिया. ही राणी मुसलमान फौजांच्या बाजूने कॉन्स्टँटिनोपलवर चालून जाते, म्हणून तिच्या नावामागे अभ्यासकांना ‘खलिफा’ हा शब्द दिसतो. ‘डॉन किहोते’ या गाजलेल्या स्पॅनिश कादंबरीत पाद्रीबुवा नायकाची पुस्तकं जाळायला काढतात ना, तेव्हा अंगणात पहिली भिरकावली जाते ती हीच.

मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश सरदार कोर्तेसच्या मोहिमेतली माणसं १५३३ मध्ये मेक्सिकोच्या पश्चिमेला एका भूमीवर उतरली. ते त्यांना बेट वाटलं, मोती सापडले, आणि कादंबरीतलं नाव त्या जागेला चिकटलं. १५३९ मध्ये त्याचाच कप्तान उल्योआ ही भूमी आणि मेक्सिको यांच्यामधल्या आखाताच्या टोकापर्यंत जाऊन आला, तेव्हाच हे बेट नसून द्वीपकल्प आहे हे दिसलं होतं. तरी सतराव्या शतकातले नकाशे कॅलिफोर्निया बेट म्हणूनच काढत राहिले. अखेर १७४७ मध्ये स्पेनच्या राजाला फर्मान काढावं लागलं, की कॅलिफोर्निया हे बेट नाही. नकाशेवालेही फॉरवर्डच करत होते म्हणायचे.

यात एक गोम आहे. ही सगळी कॅलिफोर्निया म्हणजे आजच्या मेक्सिकोतला द्वीपकल्प. आपली मुलं जिथे नोकरीला जातात तो भाग म्हणजे ‘आल्ता’, वरची कॅलिफोर्निया. तिथे स्पॅनिशांनी वस्ती केली १७६९ पासून. अमेरिकेच्या हाती तो आला १८४८ मध्ये, राज्य झालं १८५० साली. तेव्हा कपिलारण्य शोधायचंच तर सॅन होजेत नव्हे, मेक्सिकोत शोधावं लागेल.

नाद सारखा आहे, मान्य. तोही नीट नाही म्हणा: कपिलमध्ये ‘प’ आधी आणि ‘ल’ नंतर, इथे उलटं. ‘चावी’ आणि ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आले हे आपण मानतो, कारण त्यांची जहाजं, बंदरं, तारखा सगळं समोर आहे. इथे नादापलीकडे काय आहे?

आता बेटं. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर आठ बेटांची रांग आहे: सान मिगेल, सांता रोसा, सांता क्रूझ, अनाकापा, सांता बार्बरा, सान निकोलस, सांता कातालिना, सान क्लेमेंते. सात स्पॅनिश, सगळी ख्रिस्ती धर्मातली. एकटं अनाकापा तिथल्या मूळच्या चुमाश लोकांच्या भाषेतलं. राख नाही, घोडा नाही. एक हॉर्स आयलंड आहे खरं, पण ते अलास्कात, जूनोजवळ. ॲश आयलंड ऑस्ट्रेलियात आहे. शिवाय ‘ॲश’ हे एका झाडाचंही नाव. क्रिकेटचे स्टंप त्याच्याच लाकडाचे करतात.

पाताळाचं गणित घरच्या पृथ्वीगोलावर करून बघा. मुंबई १९ अंश उत्तर, ७३ अंश पूर्व. सरळ आरपार सुई घातली तर ती निघते १९ अंश दक्षिण, १०७ अंश पश्चिमेला, म्हणजे पॅसिफिकच्या मधोमध, ईस्टर बेटाच्या उत्तरेला. कॅलिफोर्निया तर विषुववृत्ताच्या आपल्याच बाजूला आहे. ते पायाखाली येईल कसं?

आणि मुख्य गोष्ट राहिलीच. भगीरथाने गंगा आणली ती याच साठ हजारांच्या राखेसाठी. गंगा समुद्राला मिळते तिथे, बंगालच्या सागर बेटावर, कपिल मुनींचं देऊळ आहे आणि दर मकरसंक्रांतीला मोठी जत्रा भरते. काका, व्हिसा लागत नाही. कोलकात्याहून काकद्वीप, तिथून बोटीने कचुबेरिया, पुढे बस. येताना गंगाजल आणा, ग्रुपवर फोटो टाका, पहिला नमस्कार माझा.