हे कशाला ठेवलंय?

सुचत नाही म्हणून कोणाचं अडतं, हे मी मानायलाच तयार नाही. मला नको तितकं सुचतं. रिक्षाच्या रांगेत सुचतं, डोक्याला शाम्पू चोळल्यावर सुचतं, तीन हात नाक्याच्या सिग्नलला तर हमखास सुचतं, कारण तिथे दुसरं करण्यासारखं काही नसतं. अडतं ते सुचलेलं शुक्रवारी रात्री सापडत नाही म्हणून. शनिवारी सकाळी, वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग सुरू व्हायच्या आत, नौपाड्यातल्या आमच्या ओट्यावर मला पदार्थाचा एक छोटा व्हिडिओ उरकायचा असतो.

टिपून ठेवण्यात मात्र माझी कसूर नाही. इन्स्टाग्रामवर सेव्ह, यूट्यूबवर वॉच लेटर, गूगल कीप, फोनच्या नोट्स, गॅलरीत स्क्रीनशॉट आणि शिवाय व्हॉट्सॲपवर स्वतःलाच धाडलेले निरोप. स्वतःला निरोप धाडायची ही अधिकृत सोय 2022च्या अखेरीस आली. त्याआधी कोणाला तरी घेऊन ग्रुप काढायचा आणि मग त्या माणसाला बाहेर काढायचं, अशी युक्ती होती. मी यांना घेऊन ग्रुप काढला आणि मिनिटभरात यांना काढून टाकलं. पाहुणे आले की ते अजून बोलून दाखवतात.

स्क्रीनशॉटची तऱ्हा निराळी. त्यात वेळ येते, उरलेली बॅटरी येते, फक्त तो कोणाच्या पानावरून घेतला ते नाव नेमकं कापलं जातं. वालाच्या बिरड्यात नारळाचं दूध सोडतानाचा एक सुंदर फोटो माझ्याकडे आहे. त्याच्या एका बाजूला सोसायटीची पाणी न येण्याची नोटीस आणि दुसऱ्या बाजूला गॅस बुकिंगचा मेसेज. तो फोटो मी उजेडासाठी ठेवला, त्या पितळी भांड्यासाठी की बिरड्यासाठी? फोनला ठाऊक नाही आणि आता मलाही नाही.

मग बोललेलं लिहून घेणारं एक ॲप घेतलं. ठाण्याहून वाशीच्या गाडीत बसले की मी फोन तोंडाजवळ धरून पुटपुटते. शेजारची बाई जरा सरकून बसते, हा वरचा फायदा. घरी येऊन वाचते तो काय: ‘धोक्याच्या शिरांची चटणी तीळ भाजून घ्यायचे पुढील स्टेशन रबाळे अगला स्टेशन रबाळे चिमूटभर साखर.’ दोडक्याचा धोका झाला, तो एक वेळ चालेल. पण रबाळे तिळाच्या आधी घालायचं की नंतर?

खरी परीक्षा शोधताना. मराठी माणूस फोनवर एका लिपीत लिहीत नाही. घाईत रोमन, निवांत असला तर देवनागरी, आणि पाठवून झाल्यावर दुरुस्ती नाही. माझ्याच निरोपांत कोथिंबीर वडी कुठे ह्रस्व आहे, कुठे दीर्घ, कुठे रोमन लिपीत एका आयची, कुठे दोन ईंची. एकदा तर नुसतीच ‘कोथ’, बहुधा वाशी आल्यामुळे. मी शोधते ती सहावीच असते. आपण जसं लिहिलं तसंच पुन्हा लिहिलं तर यंत्र शोधून देतं. आपण कसं लिहिलं ते आठवत असतं, तर काय लिहिलं तेही आठवलं असतं की! असल्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली सुधारणा काय करावी असं मला कोणी विचारलं, तर रंग, चिन्हं, फोल्डर सगळं राहू दे, आधी ही कोथिंबीर एका जुडीत बांधा म्हणेन.

कोणी विचारलं नव्हतं, पण यांचा भाचा ऐरोलीला आयटीत आहे आणि त्याची कंपनी असलंच काहीतरी बनवते. रविवारी जेवायला आला तो लॅपटॉप घेऊनच. म्हणाला, “मामी, तुला शिस्त नाही. जर्मनीत निकलास लुमान नावाचे समाजशास्त्रज्ञ होते. त्यांनी 90,000च्या आसपास चिठ्ठ्या लिहिल्या, प्रत्येकीला क्रमांक, एका चिठ्ठीवर दुसरीचा पत्ता. त्यातून ढीगभर पुस्तकं झाली.” लुमान 1998 साली गेले. त्यांना शेजारणींचे फॉरवर्ड येत नव्हते, हे मी त्याच्या लक्षात आणून दिलं. पण एक गोष्ट मला पटली. तो माणूस दुसऱ्याचं नुसतं कापून ठेवत नसे, आपल्या शब्दांत लिहीत असे. म्हणजे चिठ्ठी खणात जाण्याआधी ती कशाला ठेवायची याचा विचार झालेला असायचा. माझ्याकडे सेव्हचं बटण आहे, त्याला अंगठा पुरतो.

भाच्याने मला एक तक्ता करून दिला. कल्पना, स्रोत, हंगाम, प्राधान्य, स्थिती आणि मूड. सोड्यांच्या खिचडीचा मूड काय लिहायचा? मी ‘तृप्त’ लिहिलं. ते त्याच्या यादीत नव्हतं. तिथे ‘एनर्जेटिक’ होतं. तासभर मी रकाने भरले, आणि खरं सांगते, मन लावून भरले. व्हिडिओ केल्याचं पूर्ण समाधान मिळालं. म्हणून त्या आठवड्यात व्हिडिओ झाला नाही.

पुढच्या रविवारी त्यानेच विचारलं, “बरं, मग तुला हवंय तरी काय?” मीही आमटी ढवळता ढवळता सांगून टाकलं. मला एकच डबा हवा, सगळं त्यात पडू दे, कुठूनही. फोटो, आवाज, लिंक, अर्धं वाक्य. टाकताना त्याने एकच प्रश्न विचारावा, ‘हे कशाला?’, आणि तोही माझ्या सासूबाईंच्या सुरात, म्हणजे उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही. कोणाचं आहे ते त्याने आपणहून लिहून ठेवावं, उद्या कोणी ‘माझी रेसिपी ढापली’ म्हणायला नको. लिपी कुठलीही असो, शोधून द्यावं. मी मागितलं नाही तरी श्रावण लागायच्या आधी श्रावणातलं पुढ्यात आणावं. नारळीपौर्णिमा उलटल्यावर नारळीभाताची आठवण करून देणाऱ्या यंत्रांनी मला पुष्कळ छळलंय. आणि वर्षभर ज्याला मी हात लावला नाही, ते ‘टाकू का?’ असं एकदाच विचारून टाकून द्यावं.

भाचा खूश झाला. “मामी, हे खरंच भारी आहे. उद्याच बॅकलॉगमध्ये टाकतो.”

“ते काय असतं?”

“पुढेमागे करायच्या गोष्टींची यादी. लोकांनी सुचवलेलं सगळं आम्ही तिथे ठेवतो.”

“किती आहे त्यात?”

“बरंच.”

“आणि कोणतं कशाला ठेवलंय ते सापडतं?”

तो ताटाकडे बघत म्हणाला, “मामी, आमटी वाढ ना.”