धूळ टाळा म्हणे!

शिंकणाऱ्या माणसाला सल्ला द्यायला कुठलीच पात्रता लागत नाही. ताप आलेल्याला लोक निदान 'डॉक्टरला दाखवलंस का?' एवढं तरी विचारतात. शिंकणाऱ्यावर थेट उपचार सुरू. वाफ घे. गार पाण्याने अंघोळ बंद कर. गार पाण्यानेच अंघोळ कर, म्हणजे शरीराला सवय होते. या सगळ्यांवर कडी केली ती आमच्या डॉक्टरांनी. गोळ्या, नाकातला स्प्रे वगैरे लिहून झाल्यावर चिठ्ठीच्या तळाशी त्यांनी दोनच शब्द खरडले: धूळ टाळा.

धूळ म्हणजे काय पाहुणा आहे, की बेल वाजली आणि दार उघडलं नाही?

तर मुळात कसली धूळ, हे कळावं म्हणून अ‍ॅलर्जीची चाचणी झाली. या चाचणीआधी काही दिवस शिंकांच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, म्हणजे तिथे पोचेपर्यंत माणूस निदानाची गरजच उरू नये इतका शिंकतो. हातावर पेनाने आकडे लिहिले, प्रत्येक आकड्याशेजारी एकेक थेंब ठेवला, थेंबातून बारीक सुई टोचली आणि 'पंधरा-वीस मिनिटं खाजवायचं नाही हं' असं सांगून बाई निघून गेल्या. खाजवायचं नाही म्हटल्याबरोबर सुई न टोचलेला हातही खाजायला लागला. मग पाठ. मग टाळू. त्या थेंबांत एक मुद्दाम हिस्टॅमिनचा, म्हणजे अ‍ॅलर्जीत खाज आणि सूज आणणाऱ्या रसायनाचा असतो, तिथे गांध उठलीच पाहिजे, नाहीतर चाचणीचा भरवसा नाही. बाईंनी परत येऊन पट्टीने गांधी मोजल्या. ३ मिलिमीटर म्हणजे पास. माझी डस्ट माइटची गांध हिस्टॅमिनलाही मागे टाकून पुढे गेली होती. शाळेत कुठल्याच विषयात मी इतकं घवघवीत यश मिळवलं नव्हतं. बाईंनी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनाही बोलावून दाखवलं.

हा डस्ट माइट म्हणजे आठ पायांचा, जेमतेम पाव-एक मिलिमीटरचा प्राणी. चावत नाही, डसत नाही, साध्या डोळ्यांना दिसत नाही. घरातल्या धुळीची अ‍ॅलर्जी मुख्यतः याच्यामुळे असते, हे नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी १९६४ साली दाखवून दिलं. तोवर बिचारी धूळच बदनाम होती. त्रास होतो तो त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा. आणि तो खातो काय? तर आपल्याच अंगावरून झडणारा कातडीचा कोंडा. म्हणजे जेवायला मीच घालायचं, राहायला माझीच गादी, आणि जेवणानंतर तो जे मागे ठेवतो त्याने शिंकायचंही मीच. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे दोष तुझ्यातच आहे. हे मी चाचणीशिवाय सांगितलं असतं."

मग गादी-उशांना झिपवाल्या घट्ट विणीच्या खोळी आल्या. या सगळ्या प्रकरणातला हा खरोखर उपयोगी खर्च, असं माझं मत आहे, कारण माइट आत आणि मी बाहेर अशी सरळ वाटणी होते. फक्त आमच्या खोळी वाजतात. रात्री कुणी कूस बदलली की वेफरचं पाकीट फोडल्यासारखा आवाज येतो. शिवाय चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवायचे. कोमट पाण्यात माइट मरत नाहीत, नुसते अंघोळ करून परततात. उत्साहाच्या भरात त्याच पाण्यात लोकरीची शालही गेली. ती आता मुलीच्या बाहुलीला बेताची होते.

मुलीचं अस्वल मात्र ६० अंश सोसणारं नव्हतं. अशा खेळण्यांना पिशवीत बांधून दिवसभर फ्रीझरमध्ये ठेवायचं, असा उपाय आहे. थंडीने माइट मरतात, पण विष्ठा तशीच राहते, म्हणून नंतर पुन्हा धुवावं लागतंच. मी अस्वलाला पिशवीत घालत असताना मुलगी शेजारी उभी होती.

"बाबा, त्याला थंडी वाजेल."

"अगं, अस्वलं बर्फातच राहतात."

"ती पांढरी. हा तपकिरी आहे."

यावर वैद्यकीय उत्तर नाही. रात्री बायकोने बर्फाचा ट्रे काढायला फ्रीझर उघडला. पिशवीला आतून दव धरलं होतं आणि त्यातून एक काळा काचेचा डोळा तिच्याकडे रोखून बघत होता. ती किंचाळल्यावर मी धावत गेलो, आणि धावताना शिंकलो.

दरम्यान मेव्हण्याच्या आग्रहाने हवा शुद्ध करणारं यंत्र घरात आलं. त्याची बडदास्त जावयासारखी. भिंतीला चिकटवायचं नाही, समोर काही ठेवायचं नाही, दारं-खिडक्या बंद, आणि ठरावीक दिवसांनी नवा फिल्टर अर्पण करायचा. आत हेपा फिल्टर, म्हणजे ०.३ मायक्रॉनचे कणही ९९.९७ टक्के अडवणारा. आकडा भारदस्त आहे आणि खराही आहे. धूर, परागकण, मांजराच्या अंगावरचे बारीक कण यांना हे यंत्र उत्तम. पण माइटच्या विष्ठेचे कण त्या मानाने जडशीळ. ते हवेत उडतात ते कुणी चादर झटकली तर, आणि थोड्याच वेळात खाली बसतात. यंत्र हॉलमध्ये हवा गाळत बसतं, माइट आत उशीत निवांत. मेव्हण्याला हे समजावलं तर तो म्हणाला, "मग दोन घे ना. एक बेडरूमला."

यंत्राला एक दिवा आहे. निळा म्हणजे हवा चांगली, लाल म्हणजे वाईट. तेव्हापासून घरातल्या प्रत्येकाच्या वागण्यावर शेरा पडतो. कढईत तेल तापलं, लाल. मुलीने नेलपॉलिश उघडलं, लाल. मी ऑफिसला निघताना डिओ मारून हॉलमधून गेलो, तर लाल होऊन असं घरघरलं, की बायको आतून म्हणाली, "बघ, त्यालाही पटलं." लिंबाच्या वासाचा रूम फ्रेशनर मारल्यावर तर ते बराच वेळ शुद्धीवर आलं नाही. यात त्याचं चुकत नाही; सुवास म्हणजे स्वच्छता नव्हे, हवेत सोडलेलं आणखी एक रसायनच ते.

खिडकीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. उघडी ठेवली तर बाहेरचा धूर आणि परागकण आत. बंद ठेवली तर स्वयंपाकाचा धूर, बाथरूमची वाफ आणि आमच्या चौघांचे उच्छ्वास आतल्या आत. घरात कपडे वाळत घातले की दमटपणा वाढतो, आणि माइटला तेच हवं असतं. तो पाणी पीत नाही, हवेतली आर्द्रता अंगाने शोषतो. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर तो हळूहळू सुकून मरतो. ती मोजायला मी काटा आणला, तर आई दर तासाला जाऊन 'किती झाली?' म्हणून बघते आणि क्रिकेटच्या स्कोअरसारखी मोठ्यांदा सांगते.

झाडांचं तर विचारूच नका. नासाच्या १९८९ च्या अभ्यासाचा हवाला देत मावशीने कुंड्या आणून दिल्या. तो अभ्यास बंद पेट्यांमधला होता. साध्या घरात नुसती हवा खेळती ठेवून जे साधतं तेवढं झाडांकडून करून घ्यायचं, तर एका चौरस मीटरमागे १० ते १००० झाडं लागतील, असा हिशोब २०१९ मध्ये मांडला गेला. म्हणजे आम्ही बाहेर राहायचं आणि झाडांनी आत. मावशीला हे सांगायची हिंमत कुणात नाही, त्यामुळे कुंड्या आहेत, त्यांतली ओली माती आहे आणि मातीवर पांढरी बुरशीही आहे.

एवढ्या वाचनातून एक गोष्ट मात्र सोन्यासारखी हाती लागली. झाडझुडीत बसलेली धूळ उठते, म्हणून अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाने शक्यतो ते काम स्वतः करू नये. खात्रीसाठी मी डॉक्टरांना विचारलं. ते 'हो' म्हणाले. मी ते लिहून मागितलं. घरी येऊन तो कागद बायकोसमोर ठेवला आणि चेहरा जमेल तितका दुःखी केला.

तिने तो वाचला. मग उलटा करून मागची बाजू वाचली. मागे डॉक्टरांनी, मी न विचारता, लिहिलं होतं: करावंच लागलं तर मास्क लावून, ओल्या फडक्याने.

"करावंच लागणार आहे," ती म्हणाली.

आत्ता मी स्टुलावर आहे. तोंडावर एन-९५, चष्म्यावर वाफ. जुना अभ्रा किंचित ओला करून पंख्याच्या पात्यात मोज्यासारखा घालायचा आणि ओढून घ्यायचा, म्हणजे धूळ खाली न पडता अभ्र्यातच येते. पद्धत इतकी चांगली आहे, की तक्रारीला जागा नाही. पहिल्या पात्यावरून राखाडी वाकळीएवढा थर निघाला. खाली मुलगी स्टूल धरून उभी आहे आणि आई आतून आर्द्रता सांगते आहे.

"चोपन्न!"

"बाबा, पंखा झाला की पडदे," मुलगी म्हणाली. "आईने यादी केलीय."