बेंडची टोकं आवळली म्हणून उत्तर ‘सेफ’ येत नाही

“पाइप बेंडचं स्ट्रेस ॲनालिसिस सोपं आहे. दोन्ही टोकं फिक्स करा, आत प्रेशर द्या, रन मारा. जास्त फिक्स म्हणजे जास्त सेफ. लाल दिसेल तिथे फुटणार.” पाइपच्या वळणात (बेंडमध्ये) किती ताण (स्ट्रेस) येतो ते संगणकावर तपासण्याबद्दलचा हा मेसेज कुपवाड एमआयडीसीतल्या डिझाइनच्या पोरांत फिरतोय. दोघांनी तो मलाच पाठवला, म्हणून लिहितो.

आधी ‘जास्त फिक्स, जास्त सेफ’. खरी गफलत इथंच आहे. द्राक्षबागेतल्या ठिबकच्या नळीचा हातभर तुकडा वाकवून बघा. वळणावर ती चपटी होते. आता वळणाच्या अगदी लगत दोन्ही बाजूंनी नळीच्या आत लाकडी खुंटी ठोका. चपटेपणा गेला, नळी ताठ. टोकं फिक्स करता तेव्हा तुम्ही हीच खुंटी ठोकता. बेंड लवचिक असतो तो या चपटेपणामुळे, आणि त्यात स्ट्रेस वाढतो तोही त्यामुळेच.

आकडे बघा. बाहेरचा व्यास 500 मिमी, जाडी 10, वळणाची त्रिज्या 750. पाइपिंगच्या कोडमधल्या (डिझाइनच्या नियमावलीतल्या) नेहमीच्या सूत्राने ‘एच’, म्हणजे बेंडच्या लवचिकतेचा आकडा, येतो 0.125, आणि बेंडच्याच प्रतलातल्या मोमेंटसाठी (वाकवणाऱ्या जोरासाठी) स्ट्रेस वाढवणारा गुणक 3.6. दोन्ही टोकांना फ्लँज (बोल्टने जोडायच्या जाड चकत्या) असतील तर तोच कोड गुणकाला ‘एच’च्या घनमुळाने, म्हणजे 0.5 ने गुणायला सांगतो. उरला 1.8. साइटवर फ्लँज नाहीत आणि तुम्ही टोकं आवळलीत, तर जवळजवळ निम्मा स्ट्रेस माउसनेच पुसलात की! दोन्ही बाजूंना व्यासाच्या चार-पाच पट सरळ पाइप जोडा आणि पकडायचं ते लांबच्या टोकाला. तिथंही त्रिज्येच्या दिशेने मोकळीक ठेवा.

आता लाल रंगाचं, म्हणजे चित्रात जास्त स्ट्रेस दाखवणाऱ्या रंगाचं, थोडक्यात. फिक्स केलेल्या कडेवरचा लाल पट्टा बहुतेक वेळा तुम्ही स्वतःच तयार केलेला असतो. पाइपला फुगू दिलं नाही, म्हणून तो उमटला. नुसतं प्रेशर असेल तर बघायची जागा बेंडची पोटाकडची, म्हणजे आतल्या वळणाची बाजू. वळणाची त्रिज्या व्यासाच्या दीडपट असेल तर तिथला परिघी ताण (घेराच्या दिशेचा स्ट्रेस) सरळ पाइपच्या 1.25 पट असतो.

राहिलं ‘आत प्रेशर द्या’. एक टोक मोकळं ठेवलंत, तर पुढचा पाइप जी ओढ देतो ती त्या छेदावर लावावीच लागते. वरच्याच पाइपात चौरस सेंमीला 10 किलोचं प्रेशर धरलं तर ती 18 टन होते. विसरलात, तर प्रत्यक्षात नसलेल्याच मोमेंटने बेंड वाकतो. पण हे झालं वेल्डेड लाइनचं. कृष्णाकाठच्या उपसा स्कीमच्या लाइनीत वळणावर काँक्रीटचा ठोकळा दिसतो ना? रबर रिंगचे, नुसते खोचलेले जोड असतील तर ती ओढ पाइपच्या भिंतीत येतच नाही. काटकोनाच्या बेंडवर 25 टनांहून जास्त जोर थेट त्या ठोकळ्यावर जातो. तिथं टोकाला 18 टन लावणंही चूकच.