खुलासा : रुंद चेहरा म्हणजे भांडखोर पुरुष?

‘रुंद चेहऱ्याचा पुरुष तापट आणि वर्चस्व गाजवणारा असतो, हे विज्ञानाने सिद्ध झालंय’ असा मेसेज फिरतोय. हे सिद्ध झालेलं नाही.

दाव्याचं मूळ 2008 मधल्या एका कॅनेडियन अभ्यासात आहे. गालफडांमधली रुंदी भागिले भुवयांपासून वरच्या ओठापर्यंतची उंची, असं गुणोत्तर जस्टिन कॅरे आणि शेरिल मॅककॉर्मिक यांनी आइस हॉकी खेळाडूंच्या फोटोंवरून काढलं. ज्यांचं गुणोत्तर जास्त, त्यांना दंडाची मिनिटंही (नियम मोडल्याची शिक्षा म्हणून खेळाबाहेर बसायचा वेळ) काहीशी जास्त होती. पण खेळाडू मोजकेच होते. पुढे व्यावसायिक लीगमधले बरेच जास्त खेळाडू तपासले, तेव्हा चेहऱ्यापेक्षा वजनच महत्त्वाचं ठरलं. 2017 मध्ये मानसशास्त्रज्ञ मिखाल कोसिन्स्की यांनी 1,37,163 लोकांचे चेहरे आणि त्यांनी स्वतःविषयी दिलेली उत्तरं ताडून पाहिली. स्वभावाशी म्हणावा असा संबंध सापडला नाही.

शिवाय, फोटो काढताना हनुवटी जरा खाली झुकवली तरी हे गुणोत्तर बदलतं. माणूस तोच!

रुंद चेहरा पाहून आपण त्याला रागीट समजतो, हे मात्र प्रयोगांत वारंवार दिसलंय. म्हणूनच असे मेसेज पाहून कुणाला नोकरी किंवा स्थळ नाकारू नका, कळकळीची विनंती आहे.