नीलवंत एका दिवसाचा पाहुणा नाही

पावसाळा आला की व्हॉट्सॲपवर तोच मेसेज पुन्हा फिरायला लागतो: ‘नीलवंत, म्हणजेच ब्लू मॉर्मन, हे आपलं राज्य फुलपाखरू जगात फक्त महाराष्ट्रात सापडतं. ते जेमतेम एक दिवस जगतं. त्याच्या अळ्या लिंबाचं झाड फस्त करतात, दिसताक्षणी औषध फवारा.’ यातला राज्य फुलपाखराचा मान तेवढा खरा. तो 2015 साली मिळाला.

‘फक्त महाराष्ट्रात’ हे साफ चूक. गोवा, कर्नाटक, केरळ, तमिळनाडूत नीलवंत आहे, श्रीलंकेतही आहे.

आता एका दिवसाचं आयुष्य. कोषातून बाहेर पडलेल्या फुलपाखराचे पंख मऊ आणि चुरगळलेले असतात. ते फुलून, वाळून उडण्याजोगे व्हायलाच बराच वेळ जातो. पुढे नर ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर सोंड टेकवून क्षार शोषत बसतात. मादीचं काम तर फारच चिकाटीचं. ती अंड्यांचा पुंजका एका जागी घालून मोकळी होत नाही. माकडलिंबू, लिंबू, पपनस अशी लिंबूवर्गीय झाडं शोधायची, पानावर पुढचे पाय आपटून त्याची चव घ्यायची, पटलं तर एकच अंडं चिकटवायचं आणि पुढचं पान गाठायचं. एवढा व्याप एका दिवसात उरकेल कसा? प्रौढ नीलवंत काही आठवडे जगतं. अंडं, अळी आणि कोष या अवस्थांचा काळ वेगळाच.

सगळ्यात घातक आहे तो फवारणीचा सल्ला. लहान अळी तपकिरी-पांढरी, थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिच्याकडे दुर्लक्ष करतात. मोठी झाल्यावर ती हिरवीगार होते. डिवचलं तर डोक्यामागून दुभंगलेलं मांसल शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. माणसाला त्याने काहीही इजा होत नाही. ती पानं खाते हे खरंच, पण अंडी सुटी सुटी घातलेली असल्याने मोठ्या झाडावर चार अळ्या असल्या तरी झाडाला फरक पडत नाही. रोप अगदी कोवळं असेल तर काळजी रास्त आहे. तेव्हा अळी बसलेलं पान डहाळीसकट कापा आणि लिंबाच्याच मोठ्या झाडावर अडकवून द्या. बाटलीतल्या औषधाची गरज नाही.